आयुष्यात एकदाच

शंभराच्या स्टॅम्पपेपरवर वकिलाच्या पोऱ्यानं टाईप केलं:
मी, कुमुद शिवलकर, वय एक्कावन्न, राहणार मिरकरवाडा,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी बेकार आहे.
म्हटलं, तेवढा शब्द बदल.
म्हणाला, फॉर्मात तोच आहे.
शंभर स्टॅम्पचे, साठ टायपिंगचे.
बेकार ठरायलासुद्धा आधी पैसे मोजावे लागतात.

एकोणीस वर्षं मिरजोळ्याच्या कारखान्यात कोळंबी सोलली.
मुंडकं मोडायचं, पाठीवरून नख फिरवायचं,
काळा दोरा ओढायचा.
बर्फाच्या पाण्यानं बोटांची टोकं पांढरी पडून फुटायची.
आणि दर महिन्याला पगारातून एक बारीक आकडा जायचा.
कसला, ते कधी विचारलं नाही.
सगळेच कापतात, त्यात हाही.
तोच आता परत येणार होता म्हणे,
अर्ध्या पगाराएवढा, नव्वद दिवस.
आयुष्यात एकदाच हां, खिडकीतला पेजे म्हणाला,
लग्नासारखं.
रांगेत माझ्या मागे हमीदा फणसोपकर होती, ती हसली.
तिची दोन झालेली.

पेजे नियम वाचायचा पंचांग वाचावं तसा, बोट ठेवून:
मालकानं काढलं तर मिळेल, आपण सोडलं तर नाही,
गैरवर्तनाचा ठपका असेल तर नाही,
दुसरीकडे लागलात तर त्या दिवसापासून नाही.
मग चष्मा वर करून,
आणि हे पैसे कुणाला जप्त करता येत नाहीत.
सावकाराला नाही, कोर्टाला नाही.
तुम्ही स्वतः म्हटलंत तरी दुसऱ्याच्या नावे होत नाहीत.
मला ते फार आवडलं.
कुणाला नेता येणार नाही असं
माझ्याकडे आजवर काही नव्हतं.

मी बंदरावर वाढलेली, वाटे मला ठाऊक.
पहिला होडीचा, मग जाळ्याचा,
मग डिझेल, बर्फ, तांडेल.
लाकडाला आधी, दोरीला आधी,
माणसाला टोपलीच्या तळाचं.

सतराला जमा झाले. सहा हजार एकशे चाळीस.
पासबुकात दोन ओळी एकीखाली एक:
जमा. कपात.
शिल्लक बावीस.

हमीदाच्या मुलाच्या होडीला इंजिन घेतलेलं,
त्या कर्जाला जामीन मी.
जेवणाच्या सुट्टीत सही केली होती,
हात नीट पुसला नव्हता, कागदावर ओला डाग उठला होता.

पेजेनं दिलेली झेरॉक्स मॅनेजरपुढे ठेवली, खाली रेघ मारलेली.
त्यानं दोनदा वाचली.
म्हणाला, नियम बरोबर आहे मावशी,
पण काजळीचं पाणी काजळीत असेतो गोड.
भाट्याच्या खाडीत आलं की त्यातलं गोड कुठलं,
ते मला वेगळं काढता येत नाही.

मी म्हटलं, एकोणीस वर्षं
कोळंबीच्या पाठीतला दोरा वेगळा काढलाय मी, केसाएवढा.
तुम्हाला एक ओळ निघत नाही?

तो पंख्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, लेखी अर्ज द्या.
त्यांच्याच साखळीला बांधलेल्या पेनानं लिहिला.
साखळी अपुरी, शेवटची ओळ तिरकी गेली.

संध्याकाळी हमीदा आली. आत ये म्हटलं तरी पायरीवरच.
तिचेही गेलेले, त्याच दिवशी, त्याच कर्जात.
एका इंजिनाला दोघींनी घातलं,
आणि ते इंजिन महिनाभर बंद, होडी वर ओढलेली.
रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं.
तिनं पदराखालून पिशवी काढली, मूठभर मुडदुशे,
कुणाकडून आणले ते ती सांगेना.
साफ करायला दोघी बसलो.
हात आपापले चालतात, त्यांना कुणी कामावरून काढलेलं नाही.

अर्जाला उत्तर नाही अजून.
पेजे म्हणतो, पोस्टात दुसरं खातं काढा,
जिथं तुमचं कुणाशी देणं नाही.
उद्या जाणार आहोत. दोन फोटो लागतात.
हमीदा म्हणते, तिच्याकडे एक आहे,
लग्नातला.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.